वाऱ्याला न जुमानणारं पाणी

२०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झाल्याचे फोटो मोबाइलवर फिरत होते. कोल्हापुरात रंकाळ्याच्या कठड्यावर बसलेला आमचा एक मित्र म्हणाला, "भावा, आपला रंकाळा हिरवा हुतोय, त्यो गुलाबी कसा काय झाला?" नुसतं 'जिवाणूंमुळे' म्हणून सुटका झाली असती. पण त्या उत्तरामागे मीठ, वारा आणि पाण्याचे थर यांची बरीच जुनी गोष्ट आहे. खाऱ्या तळ्यांबद्दल माणूस जे शिकला, त्यातलं पुष्कळसं ती तळी बिघडवल्यावर शिकला.

रंकाळ्यात वारा काय करतो हे डोळ्यांना दिसतं. पश्चिमेचा वारा लागून राहिला की जलपर्णी आणि शेवाळ पूर्वेच्या काठाला येऊन गोळा होतं. सोबत वरचं पाणीही ढकललं जातं, तिथली पातळी किंचित चढते आणि तळाकडून पाणी उलटं परततं. वारा पडला की परातीतल्या पाण्यासारखं सगळं तळं हिंदकळतं. स्विस शास्त्रज्ञ फोरेल यांनी १८६९ पासून जिनिव्हाच्या सरोवरावर ही हिंदकळ मोजली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडच्या लॉक नेसमध्ये खोलवर थर्मामीटर सोडल्यावर कळलं, की वरचं कोमट आणि खालचं गार पाणी यांची सीमा त्याहून कितीतरी जास्त वरखाली होते. पृष्ठभागावर बोटभर, तर आत पुरुषभर.

मिठाचा हिसका त्याआधीच एका जहाजाला बसला होता. १८९३ मध्ये नॉर्वेचा ध्रुवसंशोधक नानसेन आपलं 'फ्राम' जहाज घेऊन सायबेरियाच्या किनाऱ्याने चालला होता. बर्फ वितळून झालेल्या गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर पसरला होता आणि त्यात जहाज चिखलात रुतल्यासारखं रेंगाळलं. इंजिन चालू, पाणी शांत आणि वेग नाही. एकमान या स्वीडिश शास्त्रज्ञाने पुढे टाकीत प्रयोग करून दाखवलं, की जहाजाची ताकद दोन थरांच्या सीमेवर न दिसणाऱ्या लाटा उठवण्यात खर्ची पडत होती. वाऱ्याने वाहणारं पाणी पृथ्वीच्या फिरण्यामुळे थेट वाऱ्याच्या दिशेने न जाता तिरकं का जातं, हेही त्यानेच १९०५ मध्ये मांडलं.

हे घरी बघायचं असेल तर कोकमाचं आगळ घ्या. आगळ खारट, म्हणून जड. काचेच्या चौकोनी डब्यात साधं पाणी भरा आणि कडेने चमच्यावरून आगळ हळूच सोडा. तळाशी लालभडक थर बसतो. आता एका बाजूने फुंकर घाला. वरचं पाणी पलीकडे सरकतं, तिकडे लाल रेघ दबते आणि तुमच्या बाजूला वर येते. फुंकर थांबवली की रेघ सावकाश डोलत राहते. वरवर मात्र काहीच कळत नाही. (आमच्याकडे यावरून 'आगळ फुकट घालवलं' असं ऐकावं लागलं.)

आता हिशेब पाहू. पाणी २० अंशांवरून ३० अंशांवर गेलं की जेवढं हलकं होतं, साधारण तेवढाच फरक लिटरभर पाण्यात साडेतीन ग्रॅम मीठ टाकल्याने पडतो. म्हणजे चमचाभरही नाही. गोड्या पाण्याच्या तळ्यात उन्हाळ्यात झालेला थर हिवाळ्यातल्या गार रात्री मोडतात. वरचं पाणी गार होऊन खाली उतरतं आणि वारा उरलेलं काम करतो. खारा थर गारठ्याला दाद देत नाही. ट्रान्सिल्व्हेनियातल्या (आजच्या रोमानियातल्या) मेद्वे तळ्यात तर खालचं खारं पाणी ऊन साठवून तापतं आणि जड असल्यामुळे वर येत नाही. १९०२ मध्ये कालेचिन्स्की या शास्त्रज्ञाने तिथलं सुमारे १.३ मीटर खोलीवरचं तापमान उन्हाळ्याच्या शेवटी ७० अंशांपर्यंत गेल्याचं नोंदवलं. याच युक्तीवर भूजला ६,००० चौरस मीटरचं सौर तळं बांधलं गेलं आणि १९९० च्या दशकात त्यातून तिथल्या डेअरीला गरम पाणी मिळालं. दुधावर चालणाऱ्या आमच्या जिल्ह्यात ही गोष्ट फारशी कुणाला माहीत नाही, याचं नवल वाटतं.

मृत समुद्राची कथा सगळ्यांत मोठी. सुमारे तीनशे मीटर खोल तळं; वर जॉर्डन नदीने आणलेल्या पाण्यामुळे थोडा कमी खारट थर, खाली प्राणवायू नसलेलं, सडक्या अंड्याच्या वासाचं जुनं पाणी. सुमारे तीन शतकं ही घडी टिकली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नदीचं पाणी शेतीकडे आणि शहरांकडे वळवलं गेलं, आवक आटली, वरचा थर दरवर्षी खारट होत खालच्याच्या वजनाला पोचला. १९७९ च्या फेब्रुवारीत हिवाळ्याच्या गारठ्याने सगळं पाणी तळापासून ढवळून निघालं आणि तळाला तीन शतकांत पहिल्यांदा प्राणवायू पोचला. १९९१-९२ च्या जोरदार पावसाने गोडं पाणी पुन्हा वर पसरलं, तीन-चार वर्षं थर टिकला, परत मोडला. आता उन्हाळ्यात वरचं पाणी जास्त खारट असूनही केवळ गरम असल्यामुळे तरंगतं. उष्णता मिठापेक्षा कितीतरी लवकर खाली झिरपते, मग खारं पाणी बारीक बोटांसारखं खाली उतरतं आणि तळावर मिठाचे खडे साचतात.

कॅलिफोर्नियाच्या मोनो लेकमध्ये तेच उलट्या क्रमाने झालं. लॉस एंजेलिसने १९४१ पासून ओढे वळवले, तळं आटून खारटपणा दुप्पट झाला. १९८२-८३ च्या हिमवर्षावाचं गोडं पाणी त्या जड पाण्यावर बसलं ते थेट १९८८ पर्यंत. तळाशी अमोनिया साठत राहिला, वरच्या शेवाळाला खत मिळेना.

लोणारला बाहेर जाणारी वाट नाही. 'धार' नावाच्या झऱ्याचं गोडं पाणी आणि पावसाचं पाणी आत येतं, बाहेर जातं ते फक्त वाफ होऊन. शिवाय सव्वाशे मीटरहून उंच कडा वारा अडवतात. २०२० च्या उन्हाळ्यात पातळी उतरली, खारटपणा वाढला आणि मीठ मानवणारे, गुलाबी रंग देणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव फोफावले. पुण्याच्या आघारकर संस्थेत नमुने गेले. बाटलीतलं पाणी काही काळ हलवलं नाही, तेव्हा गुलाबी गाळ तळाला बसला आणि वरचं पाणी नितळ दिसू लागलं.