तीन चिठ्ठ्या, एक काउंटर

थायरॉइडची गोळी कशी घेता, असं विचारलं की बऱ्याचदा उत्तर येतं, “सकाळी, चहाबरोबर.” नेम कधी चुकत नाही, तरी टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक) चढलेलाच. मग डॉक्टर ५० मायक्रोग्रॅमची गोळी ७५ची करतात.

ही गोळी म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, फार मानी औषध. उपाशीपोटी घेतलं तरी साधारण ६० ते ८० टक्केच लहान आतड्यातून रक्तात उतरतं. दूध, कॉफी किंवा न्याहारी सोबत असली की आणखी कमी. म्हणून ती नुसत्या पाण्याबरोबर, खाण्याआधी अर्धा ते एक तास घ्यायची. लोह आणि कॅल्शियम तर तिला आतड्यातच धरून ठेवतात. त्यांच्या गोळ्यांत आणि हिच्यात चार तासांचं अंतर हवं.

आता गंमत बघा. लोह दिलं स्त्रीरोगतज्ज्ञांनी, कॅल्शियम हाडांच्या डॉक्टरांनी, थायरॉइडची गोळी फिजिशियननी. एकाची चिठ्ठी दुसऱ्याने पाहिलेली असेलच असं नाही. पण तिन्ही औषधं बहुतेक वेळा घराजवळच्या एकाच ‘मेडिकल’मधून येतात. घोळ दिसू शकतो तो तिथल्या फार्मासिस्टलाच. तो न दिसता डोस वाढत गेला आणि मधेच लोह बंद झालं, तर तोच डोस जास्त होतो. छातीत धडधड, हात थरथरणं सुरू होतं.

प्रत्यक्षात काय होतं? कात्रीने पट्टी कापायची, पाकिटावर पेनाने दोन रेघा ओढायच्या, पुढचं गिऱ्हाईक. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनुसार औषध कशासाठी, कसं घ्यायचं, कुठे ठेवायचं, डोस चुकला तर काय करायचं हे समजावणं नोंदणीकृत फार्मासिस्टचं कामच आहे. गर्दी असते हे खरं, पण “आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?” हे विचारायला कितीसा वेळ लागतो!

आणखी एक गोष्ट काउंटरवर सांगायला हवी. या औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात. त्यामुळे डोस बदलल्याचा पुरता परिणाम तपासणीत दिसायला सहा ते आठ आठवडे जातात. दहा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून गोळी सोडणारे इथेच फसतात.

आणि सकाळचा पहिला चहा लांबवणं ज्यांना जमतच नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी रात्री घ्यावी, जेवणानंतर तीन तासांनी.