जास्तीचा प्राणवायू

शाळेत ‘तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाघर’ एवढं लिहून आपण एक गुण मिळवला आणि विसरून गेलो. हे ऊर्जाघर बिघडलं की काय होतं, याची पहिली नीट नोंद स्वीडनमधली. ३५ वर्षांची एक बाई. सातव्या वर्षापासून सारखा घाम, भूक-तहान अफाट, तरी खाल्लेलं अंगी लागत नाही. थायरॉइडचा संशय घेऊन शस्त्रक्रियाही झाली, फरक शून्य. शेवटी रॉल्फ लुफ्त, लार्स एर्न्स्टर आणि सहकाऱ्यांनी तिच्या स्नायूचा तुकडा तपासला. तंतुकणिका अन्न जाळत होत्या, पण बरीचशी ऊर्जा एटीपीत, म्हणजे पेशी ऊर्जेसाठी वापरते त्या रेणूत, न साठता उष्णता होऊन वाया जात होती. हे १९६२ साली छापून आलं.

पुढची कित्येक दशकं निदानातच गेली. तंतुकणिकांना स्वतःचा डीएनए असतो हे १९६३ मध्ये दिसलं; माणसातली त्याची १६,५६९ अक्षरं १९८१ मध्ये केंब्रिजला वाचून झाली. डोळ्यांचे जर्मन डॉक्टर लेबर यांनी १८७१ मध्ये वर्णन केलेल्या, ऐन तारुण्यात दृष्टी नेणाऱ्या आजाराचं मूळ १९८८ मध्ये याच डीएनएत सापडलं. कारण कळलं, औषध नाही. रुग्णाच्या हाती बराच काळ जीवनसत्त्वं आणि को-एन्झाइम क्यू-१० नावाचं पूरक, एवढंच होतं.

बोस्टनला वंशी मूथा यांच्या प्रयोगशाळेत पीएचडी करणाऱ्या ईशा जैन यांनी प्रश्नच उलटा धरला: तंतुकणिका बंद पडलेल्या पेशीतलं कोणतं जनुक काढलं, तर ती तगते? क्रिस्पर हे जनुकं कापायचं तंत्र वापरून एकेक जनुक निकामी करून पाहिलं, तेव्हा व्हीएचएल वर आलं. हे जनुक नसलं की भरपूर हवेतही पेशी उंच डोंगरावर असल्यासारखी वागते. मग उंदरांनाच ‘डोंगरावर’ का ठेवू नये? ली सिंड्रोम म्हणजे लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालणारा तंतुकणिकांचा आजार; तसा आजार असलेले उंदीर एरवी दोनेक महिन्यांत मरत. ११ टक्के प्राणवायूच्या हवेत ते कितीतरी जास्त जगले. ५५ टक्के, म्हणजे साध्या हवेहून कितीतरी जास्त प्राणवायूत मात्र झटपट गेले. श्वास अडला की प्राणवायूची नळी लावायची, या आपल्या सवयीला हा चांगलाच धक्का होता. हा शोधनिबंध २०१६चा.

खरी गंमत पुढे आहे. व्हीएचएलचा माग बरोबर ठिकाणी घेऊन गेला, पण कारण वेगळंच निघालं. डोंगरावरची ती जनुकीय प्रतिक्रिया उंदरांमध्ये मुद्दाम चालू करूनही ते वाचले नाहीत. २०१९ मध्ये उलगडलं ते असं: आजारी तंतुकणिका प्राणवायू वापरतच नाहीत, तो मेंदूत साचतो, आणि तोच घात करतो.

पण लहान मुलाला जन्मभर विरळ हवेच्या खोलीत कोंडणार कसं? जैन यांच्याच गटानं २०२५ मध्ये ‘हायपॉक्सिस्टॅट’ नावाचं रसायन मांडलं. त्यामुळे हिमोग्लोबिन प्राणवायूला घट्ट धरून ठेवतं, ऊतींमध्ये कमी सोडतं. साध्या हवेतले आजारी उंदीर त्यानं जास्त जगले. माणसांसाठीचा उपचार मात्र अजून व्हायचा आहे.