पाइप उभाच का चिरतो?

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत पाइपच्या दुकानात जरा वेळ थांबलं की कानावर पडतंच, "चार इंची द्या, सहा किलोचा." नवख्याला वाटतं, वजन सांगतोय. हा किलो दाबाचा, दर चौरस सेंटिमीटरवर 6 किलो. पाणी 10 मीटर वर चढवायला साधारण 1 किलो दाब लागतो. म्हणजे पंचगंगेकाठच्या मोटारीनं 60 मीटर उंचावरच्या उसाला पाणी पाजायचं, तर मोटारीजवळच्या पाइपला सहा किलो सोसावेच लागतात. घर्षणाचं वेगळं.

इथवर शेतकऱ्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. माझा जीव अडकलाय तो फुटलेल्या पाइपात. दाबानं फुटलेला पाइप नीट बघा: भुईमुगाच्या शेंगेसारखा उभा चिरलेला असतो. आडवा तुटलेला दिसला, तर बहुतेक वेळा जमीन खचलेली असते किंवा वरून ट्रॅक्टर गेलेला असतो. पाणी तर सगळीकडे सारखंच दाबतं, मग चीर लांबीच्याच दिशेनं का?

समजा, आतली पोकळी 10 सेंटिमीटर, भिंत 4 मिलिमीटर, दाब 6 किलो. पाइपचा 1 सेंटिमीटर रुंदीचा काप घ्या, बांगडीसारखा. मनातल्या मनात त्याचे वरचा आणि खालचा असे दोन अर्ध करा. पाणी त्यांना एकमेकांपासून दूर ढकलतंय. कुणी म्हणेल, अर्धगोल भिंतीचं क्षेत्रफळ जास्त भरतं. खरंय, पण डावीकडचा आणि उजवीकडचा रेटा एकमेकांना खाऊन टाकतात, उरतो तो फक्त व्यासाएवढ्या सावलीवरचा. 10 चौरस सेंटिमीटर गुणिले 6, म्हणजे 60 किलो. धरून ठेवायला दोन बाजूंच्या भिंती, मिळून 0.8 चौरस सेंटिमीटर. भागाकार 75. हा हूप स्ट्रेस, म्हणजे कड्याच्या, परिघाच्या दिशेनं येणारा ताण. बैलगाडीच्या चाकावर तापवून चढवलेली लोखंडी धाव थंड झाल्यावर अशीच कड्याच्या दिशेनं ताणलेली असते.

आता पाइपच्या तोंडाला टोपण लावा. टोपणावर साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर गुणिले 6, म्हणजे 471 किलो. बापरे! पण हा भार पेलायला भिंतीचं अख्खं कडं आहे, सुमारे 13 चौरस सेंटिमीटर. ताण आला 36, जवळपास निम्मा. पाइप परिघाच्या दिशेनं दुप्पट ताणला जातो आणि चीर ताणाला काटकोनात उघडते, म्हणून ती उभी.

परिघाच्या ताणाचं सूत्र असं: दाब गुणिले व्यास, भागिले जाडीची दुप्पट. व्यास वरच्या बाजूला आहे, हे विसरू नका. "मोठा पाइप म्हणजे दणकट" ही समजूत इथेच फुटते. जाडी तीच ठेवली तर मोठा पाइप लवकर जातो. काळम्मावाडी धरणाहून कोल्हापूर शहराला येणारी थेट पाइपलाइन पोलादी आहे, त्यात हाही हिशोब आहे.

लायनीला नजर लागली म्हणून स्टार्टरच्या पेटीला लिंबू-मिरची बांधलेली मी पाहिली आहे. नजरेनं फुटत असता तर पाइप कुठल्याही दिशेनं फुटला असता! खरा दोषी बहुधा गेलेली लाईट. मोटार थांबते, चढणारं पाणी मागं फिरतं, एनआरव्ही, म्हणजे पाणी मागं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, धाडकन मिटतो. पीव्हीसीत दाबाची लाट सेकंदाला साधारण 400 मीटर धावते. सेकंदाला 1 मीटर वेगानं परतणारं पाणी एकदम अडलं तर दाब 4 किलोनं उसळतो. सहाचे दहा. हे गणित झुकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञानं 1897-98 मध्ये मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यावर प्रयोग करून मांडलं.

आणि ते 471 किलो? सरळ लायनीत दोन्ही बाजूंचा रेटा समोरासमोर येऊन एकमेकांना खाऊन टाकतो. काटकोनी बेंडवर मात्र दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे 665 किलो बेंडला बाहेर रेटतात, म्हणून त्याच्या पाठीशी काँक्रीटचा ठोकळा घालतात. आमच्या भावकीतल्या एका लायनीवर तो घातला नव्हता. बेंड दोन सऱ्या ओलांडून उसात सापडला.