एनडीएवर (गोपनीयतेच्या करारावर) सही केली म्हणून मुलाखतीत गप्प बसायचं?

‘एनडीएवर सही केलीय, आता जुन्या कामाबद्दल चकार शब्द काढता येणार नाही’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. त्यापायी कामाची माणसं मुलाखतीत मागे पडतात, याचं फार वाईट वाटतं.

असा करार सहसा कंपनीची माहिती राखतो: ग्राहकांची नावं, दर, ड्रॉइंग, जाहीर न झालेले आकडे. तुमच्या हातातलं कसब कंपनीचं होत नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 नुसार कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. गुपितं जपण्याचं बंधन मात्र नोकरी सुटल्यावरही राहू शकतं.

समजा, तुम्ही कोल्हापूरच्या फाउंड्रीत (धातू ओतून पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात) क्वालिटी बघत होता. कोणत्या वाहन कंपनीचा कोणता पार्ट, किती रुपयांना, हे सांगू नका. ‘ब्लो होलमुळे (ओतलेल्या धातूत वायूमुळे राहणाऱ्या पोकळ्यांमुळे) बाद होणारं कास्टिंग निम्म्यावर आणलं. साच्याच्या वाळूतला ओलावा दिवसातून एकदाच तपासला जायचा, तो मी दर तासाला तपासायला लावला’ एवढं सांगा. जाणकार लगेच ओळखतो, कारण पुढच्या प्रश्नांना खरं काम केलेलाच उत्तर देऊ शकतो.

पुरावा म्हणून जुने रिपोर्ट पेन ड्राइव्हवर आणणं, हा मात्र सरळ करारभंग. नवा मालकही सावध होतो: उद्या हा आमचंही बाहेर नेईल. नोकरीचा काळ रिलिव्हिंग लेटर आणि पीएफच्या नोंदीतून सिद्ध होतो. कामाबद्दल जुन्या साहेबांचा नंबर द्या, त्यांना आधी विचारून.