संकटग्रस्त भागातलं दूरस्थ लॅब-निदान

युद्ध, भूकंप, साथ किंवा निर्वासितांची छावणी, अशा ठिकाणी पेशंट एका टोकाला आणि रिपोर्टचा अर्थ लावणारा तज्ज्ञ हजारो किलोमीटरवर असतो, तेव्हा इन्फेक्शन नेमकं कशाचं आहे हे शोधायच्या ज्या पद्धती आहेत त्यांना मिळून हे नाव. ढोबळमानाने तीन रस्ते आहेत. सॅम्पल लांबच्या लॅबला पाठवायचं, नाहीतर अख्खी लॅबच उचलून पेशंटजवळ न्यायची, किंवा टेस्ट जागेवर लावून फक्त तज्ज्ञाची नजर तिथपर्यंत पोचवायची. आपल्याकडेही तालुक्याच्या गावातून कल्चरचं, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या टेस्टचं, सॅम्पल शहरात जातं आणि रिपोर्ट यायला तीन-चार दिवस लागतात, तर जिथे रस्त्यावर गोळीबार चालू आहे तिथे काय होत असेल याचा अंदाज करा.

पहिला रस्ता किती अपुरा आहे ते पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलात दिसलं. गिनीतल्या मेलियांदू गावातला पहिला पेशंट डिसेंबर २०१३ मधला मानतात, पण हा इबोलाच आहे हे पक्कं झालं मार्च २०१४ मध्ये, तेही सॅम्पल विमानाने युरोपात गेल्यावर. उशिराला बाकीही कारणं होती, त्या भागात इबोला असेल असा कुणाला संशयच आला नव्हता, पण जवळपास टेस्टची सोय नव्हती हेही तितकंच खरं. साथ संपेपर्यंत २८,६०० च्या वर केसेस आणि ११,३०० च्या वर मृत्यू झाले. मार्च २०१४ मध्येच हॅम्बर्गच्या बर्नहार्ड नॉख्ट इन्स्टिट्यूटकडची युरोपियन मोबाइल लॅब पेट्यांमध्ये भरून गिनीतल्याच गेकेडूला पोचली, तिथे बंद ग्लोव्हबॉक्समध्ये हात घालून आधी व्हायरस निष्क्रिय करायचा आणि मग पीसीआर, म्हणजे व्हायरसची जनुकं शोधणारी टेस्ट, लावायची असं काम चाले. इबोलाचा आणि मलेरियाचा ताप सुरुवातीला सारखाच दिसतो, त्यामुळे रिपोर्टला एक दिवस जास्त लागला म्हणजे नुसता मलेरिया झालेला माणूस एक दिवस जास्त इबोलाच्या संशयितांमध्ये पडून राहतो, आणि हे फार भयंकर आहे. २०१५ मध्ये तर मुठीत मावणारं मिनआयन सिक्वेन्सर, म्हणजे जनुकांची मांडणी वाचणारं यंत्र, विमानाच्या सामानातून गिनीत नेलं आणि १४२ सॅम्पलमधल्या व्हायरसचा जीनोम, म्हणजे त्याची सगळी जनुकं, तिथेच वाचली, त्यावरून साथीची कुठली साखळी कुठे चालू आहे ते कळायला लागलं.

पण माझ्या मते खरी अवघड गोष्ट बॅक्टेरियाची. इबोलाची टेस्ट हो किंवा नाही सांगते, जखमेतल्या बॅक्टेरियावर कुठलं अँटिबायोटिक चालेल हे सांगायला मात्र तो आधी वाढवावा लागतो. एमएसएफ म्हणजे डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्सचं जॉर्डनमध्ये अम्मानला २००६ पासून हॉस्पिटल आहे, इराक, सीरिया, येमेनचे जखमी तिथे येतात, आणि त्यातल्या कितीतरी जणांच्या हाडात शिरलेलं इन्फेक्शन नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. अशा वेळी अँटिबायोग्राम करतात: बॅक्टेरिया वाढवायच्या मीडियाने भरलेल्या बशीवर, म्हणजे प्लेटवर, बॅक्टेरिया पसरायचे, औषधाच्या बारीक चकत्या ठेवायच्या, रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवून सकाळी चकतीभोवतीचं मोकळं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचं. प्लेट लावायला शिकवता येतं, पण वर्तुळांचा अर्थ लावायला मायक्रोबायोलॉजिस्ट लागतो आणि तोच तिथे नसतो. म्हणून एमएसएफने अँटिबायोगो नावाचं फुकट अँड्रॉइड ॲप बनवलं. प्लेटचा फोटो काढला की ॲप वर्तुळं मोजतं आणि कुठलं औषध चालेल, कुठलं नाही ते सांगतं, शंका असेल तर तसंही दाखवतं, आणि हे सगळं इंटरनेटशिवाय फोनवरच होतं. छावणीत नेट नसतंच हे ज्यांनी ओळखलं त्यांचं खरंच कौतुक वाटतं.

त्याच्याच जोडीला एमएसएफची मिनी-लॅब आहे, ज्या पेट्यांत सामान येतं त्याच उघडून टेबलं होतात. हैतीत आणि मग मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात ती वापरून पाहिली, हेतू हा की मायक्रोबायोलॉजिस्ट नसला तरी ट्रेनिंग घेतलेल्या टेक्निशियनला कल्चर करता यावं.

भारतात हा विषय परका नाही. गोव्याच्या मोलबायोचं ट्रूनॅट मशीन बॅटरीवर चालतं, त्यामुळे वीज नसलेल्या ठिकाणीही टीबीची टेस्ट होते, आणि २०२० मध्ये डब्ल्यूएचओने टीबीसाठी त्याची शिफारस केली. आयसीएमआरची बीएसएल-३ दर्जाची, म्हणजे घातक जंतूंवर सुरक्षितपणे काम करता येईल अशी, फिरती लॅब फेब्रुवारी २०२२ मध्ये नाशिकला सुरू झाली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये निपाह आला तेव्हा ती केरळात कोझिकोडला पाठवली.

अडचणी मात्र साध्यासाध्याच असतात. उन्हात बॅक्टेरिया वाढवायचा मीडिया खराब होतो, कस्टम्समध्ये पेट्या अडकतात तोवर किटची एक्सपायरी येते, जनरेटर बंद पडला की इन्क्युबेटर थंड. आणि सुरुवातच चुकली तर लांबचा तज्ज्ञ काहीच करू शकत नाही: कातडी नीट न पुसता रक्त घेतलं तर कल्चरमध्ये कातडीवरचेच जंतू उगवतात, रक्त कमी घेतलं किंवा अँटिबायोटिकचा पहिला डोस देऊन झाल्यावर घेतलं तर बाटलीत बऱ्याचदा काहीच उगवत नाही. त्यामुळे या सगळ्या कामात ट्रेनिंगचा बराच वेळ ॲपवर नाही, तर रक्त घेणाऱ्या नर्सच्या शेजारी उभं राहून द्यावा लागतो.