कावीळ उतरते, पण कशामुळे?

पावसाळ्यात विदर्भातल्या खेड्यात कुणाचे डोळे पिवळे झाले की पहिली फेरी झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे होते. तीन सकाळी उपाशीपोटी रस, तेल-हळद बंद, पैसे मनाला येतील ते. दवाखान्यात गेलं तर रोजी बुडते, रक्त काढतात आणि डॉक्टर सांगतात, "आराम करा, नीट जेवा." मग पाला स्वस्तच वाटणार. पण हा हिशेब अर्धा आहे, कारण कावीळ हा रोग नसून अनेक रोगांचं लक्षण आहे.

तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य तयार होतं आणि यकृत ते पित्तातून बाहेर टाकतं. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण 1 मिलिग्रॅमपर्यंत (दर 100 मिलिलिटरला) असतं. ते 2 ते 3 वर गेलं की डोळे पिवळे दिसतात. दूषित पाण्यातून येणारे हिपॅटायटिस ए आणि ई (विषाणूंमुळे यकृताला येणारी सूज) बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. तेवढ्यात घेतलेल्या कुठल्याही पाल्याला श्रेय मिळतं.

म्हणून सगळा झाडपाला टाकाऊ, असं मात्र नाही. भुईआवळीची चाचणी 1988 मध्ये चेन्नईत झाली. हिपॅटायटिस बीच्या 37 वाहकांना (ज्यांच्या अंगात विषाणू टिकून असतो अशांना) 30 दिवस औषध दिलं, त्यातल्या 22 जणांच्या रक्तातून विषाणूचा पृष्ठभागावरचा अंश नाहीसा झाला. पुढच्या चाचण्यांत तसा परिणाम मिळाला नाही. शोध घेण्याजोगी वनस्पती आहे, पण आज तिच्यावर विसंबता येत नाही.

देवडांगरी या वेलीच्या रसाचे थेंब नाकात टाकण्याचा प्रकार तर धोक्याचाच. नाकातून पिवळं पाणी वाहतं ते आतल्या त्वचेचा दाह झाल्यामुळे; रक्तातलं बिलिरुबिन त्यानं उतरत नाही. कावीळ उतरल्याचं दाखवायला हाताला आंब्याच्या सालीचा रस लावून चुन्याच्या निवळीत धुतले की पाणी पिवळं होतं, तेही साल आणि चुना यांच्यामुळे.

खरी किंमत मोजावी लागते ती कावीळ वेगळी निघाली तर. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. त्यात तांबड्या पेशी लवकर मोडतात, म्हणून डोळे वारंवार पिवळे होतात. यकृताचा आजार समजून पाल्याचा रस देत बसलं तर सांधेदुखी, धाप, वाढ खुंटणं यांचं कारण वर्षानुवर्षं सापडत नाही. सिकलसेलच्या प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणीला रक्ताचा थेंब पुरतो. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या रक्तचाचण्यांनी खात्री करतात. हायड्रॉक्सियुरिया या औषधानं दुखण्याचे झटके कमी होतात, मात्र ते पांढऱ्या पेशीही घटवतं, म्हणून रक्ततपासणी चुकवायची नाही. कावीळ मलेरियातही होते, म्हणून गडचिरोलीसारख्या भागात तोही तपासायलाच हवा.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. तेव्हा आधी आशाताईंना गाठून बिलिरुबिन, एसजीपीटी (यकृताची तपासणी), हिमोग्लोबिन, सिकलसेल आणि मलेरिया यांची तपासणी करून घ्या. गरोदर बाईला शेवटच्या तिमाहीत हिपॅटायटिस ई जिवावर बेततो, तिथं एक दिवसही थांबू नका. रुग्ण बरळू लागला, दिवसा झोपून रात्री जागू लागला, हिरड्यांतून रक्त आलं, तर थेट जिल्हा रुग्णालय.

तेल-हळद बंद करून रुग्णाला उपाशी ठेवू नका. भात, वरण, पोळी, जमेल ते खाऊ द्या. पाला आधीच घेतला असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या 6 रुग्णांची नोंद केली होती. नाव ठाऊक नसेल तर पानांसकट फांदी सोबत न्या.