बीएला समाजशास्त्र घ्यायचंय? निकालाआधीच कागदपत्रांच्या मागे लागा

"बारावीत समाजशास्त्र नव्हतं, मग बीएला मिळेल का?" दर उन्हाळ्यात हा प्रश्न येतोच. मिळतं. कला, वाणिज्य, विज्ञान, कुठल्याही शाखेतून बारावी पास असलं की पुरे. पहिल्या वर्षी समाज, समुदाय, कुटुंब, संस्कृती, सामाजीकरण इथूनच सुरुवात होते; विज्ञानातून आलेल्यांचं काही अडत नाही.

नागपुरात मुख्य वाटा दोन. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात रोज वर्गात बसून शिकायचं, नाहीतर इग्नूतून, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून, घरबसल्या. इग्नूला वयाची अट नाही, प्रवेश जुलै आणि जानेवारी असे दोनदा होतात आणि तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते. नोकरीवाल्यांनी हीच वाट धरावी. मात्र अर्जाआधी एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या श्रेयांकांच्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक) आणि त्यावरून डेब आयडी (दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांसाठीचा क्रमांक) काढावा लागतो.

महाविद्यालयाच्या अर्जात घोळ होतो तो विषयांच्या रकान्यात. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर म्हणजे मुख्य आणि मायनर म्हणजे दुय्यम असे विषय असतात. पुढे एमए समाजशास्त्रातच करायचं असेल तर ते मेजरमध्ये घेतलेलं बरं. खिडकीवरचा बाबू घाईत असतो, पावती हातात पडली की तिथेच उभं राहून वाचा. आणि समाजकार्य म्हणजे समाजशास्त्र नव्हे. बीएसडब्ल्यू हा वेगळाच अभ्यासक्रम आहे.

आता कागदपत्रं. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, टीसी (शाळा सोडल्याचा दाखला), आधार, फोटो, आरक्षणातून अर्ज असेल तर जातीचा दाखला. सीबीएसई किंवा दुसऱ्या बोर्डाच्या मुलांनी मायग्रेशन (आधीच्या बोर्डाचं स्थलांतर प्रमाणपत्र) काढून ठेवावं, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. टीसी मूळ प्रतच जमा होते, ती परत हाती येत नाही. आधी चार झेरॉक्स आणि एक स्वच्छ स्कॅन करून ठेवा.

खरा वेळ खातात ते तहसीलचे दाखले. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी प्रवर्गाला नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे उन्नत गटात नसल्याचं प्रमाणपत्र, लागतं आणि त्यासाठी तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आधी तलाठ्याचा अहवाल, मग सेतूत किंवा आपले सरकार पोर्टलवर अर्ज. निकाल लागला की सेतूत रांग दारापर्यंत येते, म्हणून एप्रिलमध्येच अर्ज टाका. एप्रिलआधी काढू नका. या दाखल्यांची मुदत बहुधा ३१ मार्चला संपते आणि सगळी पायपीट पुन्हा करावी लागते.

प्रवेश झाला की महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरा. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. खातं आधारशी नुसतं जोडून भागत नाही, बँकेत सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात येण्यासाठीची आधारची नोंद, झालंय का ते विचारा. अर्ज मंजूर दिसतो आणि पैसे येत नाहीत, तेव्हा बऱ्याचदा घोडं इथेच अडलेलं असतं.